जुना संगणक भंगारात देण्याआधी

बाभुळगावला आमच्या थोरल्या भावाचे, भाईजानचे, छापील कामाचे छोटेसे दुकान होते. लग्नपत्रिका, दावतनामे, बिलबुके, शाळेची ओळखपत्रे, गावात जे लागते ते सगळे ते एका संगणकावर बसवून द्यायचे आणि छपाईला यवतमाळला पाठवायचे. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भाईजान गेले. दुकानाची चावी मालकाला परत गेली आणि संगणक घरी आला. तेव्हापासून तो भाभींच्या खोलीत एका जुन्या ओढणीखाली झाकलेला होता.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही यवतमाळहून घरी गेलो तेव्हा विषय निघाला. पुतणी बारावी झाली आहे आणि मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करते आहे. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला ३० शब्दांचे मराठी टंकलेखन किंवा ४० शब्दांचे इंग्रजी टंकलेखन लागते. हा वेग रोज हात चालवल्याशिवाय येत नाही. क्लासमध्ये तिला दिवसाला एक तास संगणक मिळतो. बाकीचा सराव घरी करायचा, तर घरात चालता संगणक हवा. भाभी शिवणकाम करून घर चालवतात. नवा लॅपटॉप त्यांच्या आवाक्यातला नाही.

“चाचा, नवा नको मला. अब्बूंचाच सुरू करून द्या. टायपिंगपुरता चालला तरी पुरे,” पुतणी म्हणाली.

गावात संगणक दुरुस्त करणाऱ्या एका मुलाला त्यांनी आधीच दाखवला होता. तो म्हणाला, “याच्यावर विंडोज अकरा चढत नाही. भंगारात द्या, नाहीतर फॉरमॅट मारून जुनीच टाकून देतो.”

“फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं जाणार ना?” भाभींनी विचारले होते. तो हो म्हणाला, तेव्हा भाभींनी संगणक पुन्हा झाकून ठेवला.

आम्हाला वाटले, फोटोंसाठी असेल. फोटो तर होतेच, पण भाभींच्या मनात वेगळेच होते. “तुमचे भाईजान सगळा हिशोब त्यातच लिहीत. कोणाचं देणं राहिलं असेल तर? मला काही सांगून गेले नाहीत ते. हिशोब पुसला गेला तर मी कोणाला विचारू?”

चार वर्षे त्या या काळजीत होत्या. म्हणून आम्ही ठरवले की आधी आतला हिशोब बाहेर काढायचा आणि संगणक चालू करण्याचे नंतर बघायचे. या कामात आम्हाला जे कळले ते वाचक भगिनी-बंधूंच्या उपयोगी पडेल असे वाटते, कारण असा झाकून ठेवलेला संगणक आज पुष्कळ घरांत आहे.

संगणक जुना होतो म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र पंख्यासारखे किंवा शिलाई मशीनसारखे झिजत नाही. पंख्यात धूळ बसते आणि हार्ड डिस्क थकते, पण बाकीचे भाग पंधरा वर्षांनंतरही बहुधा ठीक असतात. जुनी होते ती त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. बटण दाबल्यापासून पडदा, कीबोर्ड, फायली आणि इंटरनेट या सगळ्यांचा कारभार सांभाळणारी ही मूळ प्रणाली. ती बनवणारी कंपनी काही वर्षे तिच्यातील दोष दुरुस्त करते आणि मग थांबते. विंडोज एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या, विंडोज सेव्हनच्या १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज टेनच्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून विंडोज टेनच्या सुरक्षा-दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळण्याची सोय आहे, पण ती सवलत तेवढ्या वर्षापुरतीच.

दुरुस्त्या थांबल्या म्हणून संगणक बंद पडत नाही. पण त्यातील भोके कोणी बुजवत नाही, आणि हळूहळू ब्राउझरही साथ सोडतात. २०२३ च्या सुरुवातीपासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज सेव्हनवर चालत नाहीत. अशा संगणकावर बँकेचा पासवर्ड टाकणे म्हणजे कडी न लावता झोपणे आहे.

विंडोज इलेव्हनची तर मागणीच मोठी आहे. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि त्यांच्या यादीतला प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. भाईजानचा संगणक २०१० चा. तो या रांगेत उभाही राहू शकत नव्हता.

यावर उपाय आहे लिनक्सचा. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. त्यावर जगभरच्या लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे शेकडो प्रणाली उभ्या केल्या. त्यांतील बहुतेक फुकट आहेत, कॉपी करून दुसऱ्याला देणेही कायदेशीर आहे, आणि काही मुद्दाम जुन्या, कमी ताकदीच्या संगणकांसाठीच बनवलेल्या आहेत. एरवी पै-पैचा चोख हिशोब ठेवणाऱ्या घरांतही कॉपी मारलेली विंडोज बिनदिक्कत चालते. तो प्रश्नही इथे उरत नाही.

हे काही प्रयोगशाळेतले खूळ नाही. आपल्या देशातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने उबुंटू ही लिनक्स प्रणाली निवडली आणि आपल्या गरजेनुसार बेतून घेतली. तारीख कोणती पडली, खटला कुठवर आला, हे सांगणारे न्यायालयांचे सॉफ्टवेअरही मुक्त प्रकारचे आहे, आणि ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातील चमूने तयार केले आहे. सी-डॅकने बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली २००७ साली काढली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

आधी अमानत, मग दुरुस्ती

लिनक्सचा एक मोठा गुण म्हणजे ती संगणकात न बसवताही पेनड्राइव्हवरून चालते. याला लाइव्ह चालवणे म्हणतात. संगणकाची हार्ड डिस्क जशीच्या तशी राहते आणि आतल्या फायली वाचता येतात. भाभींचा प्रश्न यातूनच सुटला.

आम्ही यवतमाळच्या घरी आमच्या लॅपटॉपवर १६ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर व्हेंटॉय नावाचे फुकट साधन बसवले. त्याचा फायदा असा की एकाच पेनड्राइव्हवर तीन-चार प्रणालींच्या फायली नुसत्या कॉपी करून ठेवता येतात आणि संगणक सुरू करताना हवी ती निवडता येते. एकच प्रणाली हवी असेल तर रुफस हे साधनही चालते. दोन्हींपैकी काहीही करताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, एवढे लक्षात ठेवावे.

संगणक उघडला तर आत धुळीचा थर. ब्रशने हलक्या हाताने धूळ काढली, रॅमची पट्टी बाहेर काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसले आणि परत घट्ट बसवली. हे करताना वायर भिंतीतून काढलेली असावी. मग संगणक सुरू करून लगेच बूटची यादी उघडली. त्यासाठीचे बटण कंपनीप्रमाणे बदलते. बहुधा एफ-१२, एफ-९, एफ-११ किंवा एस्केप यांपैकी एक असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडला, आणि भाईजानच्या संगणकाचा पडदा चार वर्षांनी उजळला.

पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असे चित्र दिसत होते. पुतणीने त्यावर बाण नेला, आणि आम्ही तिचा हात धरला. तिथे पुढे ‘डिस्क पुसून बसवा’ असा पर्याय येतो. घाईत तो निवडला तर भाभींची भीती खरी झाली असती. फायली बाहेर काढून झाल्याशिवाय त्या चित्राला हात लावायचा नाही, हा नियम प्रत्येकाने पाळावा.

‘डिस्क्स’ नावाच्या साधनात हार्ड डिस्कची तब्येत पाहिली. खराब जागांची संख्या वाढलेली होती आणि मधूनच टक-टक आवाज येत होता. अशी डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून आधी हिशोबाचे फोल्डर काढले, मग फोटो, मग पत्रिकांची कामे, या क्रमाने सगळे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. त्यातच दुपार गेली.

हिशोबाची फाइल एक्सेलची होती. लिनक्ससोबत येणाऱ्या लिबरऑफिसमध्ये ती उघडली. येणे आणि देणे अशी दोन पाने होती. भाभी खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या आणि एकेक ओळ वाचू लागल्या.

तीन गोष्टी तपासा

प्रणाली निवडण्याआधी आपल्या संगणकाच्या तीन गोष्टी माहीत हव्यात. विंडोज सुरू होत असेल तर ‘माय कॉम्प्युटर’वर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये पहिल्या दोन दिसतात.

पहिली रॅम. ती संगणकाचा ओटा आहे. ओटा लहान असेल तर एका वेळी दोनच भांडी मावतात.

दुसरी म्हणजे प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा. इथे एक गफलत होते. त्या पानावर विंडोज ३२ बिटची दिसली म्हणजे प्रोसेसरही तसाच असे नाही. २००६ नंतरचे कोअर टू ड्युओ आणि पुढचे बहुतेक प्रोसेसर ६४ बिटचे आहेत. जुने पेंटियम फोर आणि छोट्या नेटबुकमधले सुरुवातीचे अ‍ॅटम मात्र ३२ बिटचे असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची आहे की एसएसडी. जुन्या संगणकावर खर्च करायचाच असेल तर पहिला रुपया एसएसडीवर करावा. तिच्या आत फिरणारे काही नसते, त्यामुळे फायली शोधायला वेळ लागत नाही. दुसरा रुपया रॅमवर. जुन्या रॅमची पट्टी घेताना डीडीआर-२ की डीडीआर-३ हे आधीच्या पट्टीवर वाचून घ्यावे. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

कोणती प्रणाली कोणाला?

रॅम १ जीबी किंवा कमी असेल तर अँटीएक्स किंवा पपी. अँटीएक्स तर ५१२ एमबीच्या पेंटियम थ्री संगणकापासून पुढे चालावी अशा बेताने बनवलेली आहे. तिची २३ क्रमांकाची आवृत्ती ३२ बिटमध्येही मिळते. पपी ही ऑस्ट्रेलियातील बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली प्रणाली. ती पूर्ण रॅममध्ये चढून बसते आणि हार्ड डिस्क नसली तरी पेनड्राइव्हवरून चालते. दोन्ही चपळ आहेत, पण त्यांची मांडणी विंडोजची सवय असलेल्याला परकी वाटते.

रॅम २ जीबी असेल तर लुबुंटू. ती उबुंटूचेच हलके रूप आहे. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात असल्याने हात लवकर बसतो. तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षे दुरुस्त्या मिळतात.

रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंट, त्यातही एक्सएफसीई नावाचे रूप. मिंट तीन रूपांत येते. त्यांतील सिनॅमन दिसायला देखणे, पण जड आहे. एक्सएफसीई साधे आणि हलके. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे आज बसवली तर काही वर्षे काळजी नाही.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. ३२ बिटच्या संगणकांचे दिवस भरत आले आहेत. ज्या डेबियनवर यांतील बऱ्याच प्रणाली उभ्या आहेत, तिने २०२५ च्या १३व्या आवृत्तीत ३२ बिटच्या संगणकांसाठी बसवण्याची सोय ठेवली नाही. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडली आणि फायरफॉक्सही आता सोडते आहे. असा संगणक इंटरनेटसाठी न वापरता टायपिंग, हिशोब, शब्दकोश यांसाठी ठेवावा.

आणखी एक गैरसमज. हलकी प्रणाली टाकली की सगळे हलके होते असे नाही. आज रॅम सर्वांत जास्त खातो तो ब्राउझर. प्रणाली कितीही हलकी असो, दहा टॅब उघडले तर २ जीबीचा संगणक गुडघे टेकतोच. दोन-तीन टॅबच उघडे ठेवण्याची सवय लावणे हाही उपायाचाच भाग आहे.

आमच्या संगणकात २ जीबी रॅम होती. तिन्ही प्रणाली पेनड्राइव्हवरून एकेक दिवस चालवून पाहिल्या. अँटीएक्स सगळ्यांत वेगवान, पण भाभींना फाइल सापडेना. लुबुंटू ठीक चालली. मिंट अडखळत होती, पण दोघींनाही तीच आवडली. शेवटी यवतमाळहून २ जीबीची एक जुनी पट्टी आणि एक छोटी एसएसडी आणली आणि मिंट एक्सएफसीई एसएसडीवर बसवली. पूर्वी संगणक सुरू करून चहा टाकायला जावे लागे, आता पाणी उकळायच्या आत पडदा तयार असतो. भाईजानची जुनी हार्ड डिस्क पुसली नाही. ती काढून कापडात गुंडाळून भाभींनी कपाटात ठेवली. शक्य असेल तर सर्वांनी असेच करावे.

एका छोट्या सेलची गंमत

सगळे बसले, इंटरनेट जोडले, पण एकही वेबसाइट उघडेना. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येई. तास गेला. मग पुतणीचेच लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेले. संगणकाच्या मते २०१० साल चालू होते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ एका बटणासारख्या सेलवर चालते. तो मेला की तारीख मागे जाते, आणि वेबसाइटच्या ओळखपत्राची मुदत तपासताना सगळा घोळ होतो. सीआर-२०३२ नावाचा हा सेल गावातल्या घड्याळवाल्याकडे मिळाला. जुन्या संगणकावर असा इशारा दिसला तर आधी तारीख पाहा.

मराठी आणि उर्दू

मराठी युनिकोड अक्षरे लिनक्सवर नीट दिसतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की इनस्क्रिप्ट पद्धतीने लिहिता येते. आयबस हे साधन आणि त्याची एम-१७-एन ही जोड बसवली तर रेमिंग्टन, फोनेटिक, अगदी गमभन पद्धतही मिळते. मात्र परीक्षेचा सराव करणाऱ्यांनी आपल्या क्लासमध्ये कोणती कळपद्धत आणि कोणते सॉफ्टवेअर आहे हे विचारूनच घरी तीच पद्धत ठेवावी. बोटांना दोन सवयी लागल्या तर नुकसान होते.

अम्मीला उर्दू पत्रे वाचायची असतात. त्यासाठी नोटो नस्तालीक उर्दू हा फुकट फॉन्ट बसवला आणि उर्दू कळपट जोडला. अक्षरे छान वळणदार दिसतात.

जुन्या कामांचे मात्र तसे नाही. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. कोरलड्रॉच्या पत्रिका लिबरऑफिस ड्रॉ आणि इंकस्केपमध्ये उघडतात, पण मांडणी थोडी विस्कटते. इनपेजच्या फायलींसाठी विंडोजच लागते.

कोणी या वाटेला जाऊ नये?

सेतू केंद्र किंवा ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान चालवणाऱ्यांनी लिनक्सचा हट्ट धरू नये. अंगठ्याच्या ठशांच्या यंत्रांची सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतात. डिजिटल सहीच्या टोकनचीही कटकट होते. एमएस-सीआयटी शिकणाऱ्याला विंडोज आणि एमएस ऑफिसवरच हात बसवावा लागतो. प्रिंटर असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून त्यावर एक पान छापून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा. बाजारात सर्रास दिसणारे काही लेझर प्रिंटर लिनक्सवर रुसतात.

ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. त्यात लिनक्स, लिबरऑफिस यांचे धडे मराठी आवाजातही आहेत आणि ते फुकट आहेत. पुतणी तेच पाहून शिकली. आता काही अडले तर ती आम्हाला फोन करत नाही. उलट आमचेच काही अडले तर आम्ही तिला फोन करतो.

शेवटी त्या हिशोबाबद्दल

देण्याच्या पानावर दोनच नावे निघाली. एक रक्कम भाईजाननी हयातीतच फेडली होती. तशी नोंद पुढच्या महिन्यात सापडली. दुसरी यवतमाळच्या एका कागदवाल्याची, ३,४०० रुपयांची, तशीच होती. त्यांनी चार वर्षांत कधी निरोपही धाडला नव्हता. भाभी स्वतः आमच्याबरोबर यवतमाळला आल्या. दुकानदारांनी जुनी वही काढली आणि आकडा जुळला. “भाभी, मी तर सोडून दिलं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही सोडलं असेल भाई, पण आम्हाला माहीत असायला हवं होतं,” असे म्हणून भाभींनी पैसे मोजून दिले आणि वहीतली ओळ आपल्यासमोर कापून घेतली.

येण्याच्या पानावर अकरा नावे आहेत. ती फाइल भाभींनी बंद केली आणि परत उघडलेली नाही.

आता ओढणी निघाली आहे. संध्याकाळची कामे आटोपली की त्या खोलीतून कळा वाजण्याचा आवाज येतो. मागच्या आठवड्यात पुतणीचा वेग मिनिटाला २६ शब्दांवर पोचला. ३० ला अजून चार कमी आहेत.